राजघराण्यांच्या ऑर्डर आणि मानचिन्हे : संग्रहाची सुरुवात कशी करावी

चांदीचा आठ टोकांचा तारा, मधोमध लाल-निळा मीना, भोवती लॅटिन ब्रीदवाक्य. लिलावाच्या यादीत असा फोटो दिसला की नवखा संग्राहक आधी बोली लावतो आणि मग वाचायला बसतो. या छंदात क्रम उलटा हवा. प्रत्येक ऑर्डरला लेखी नियमावली असते. ती कोणी स्थापन केली, श्रेणी किती, कोणत्या श्रेणीला कोणता बिल्ला, फितीचा रंग कोणता, मानकरी वारल्यावर मानचिन्ह परत करायचं का, हे सगळं तीत लिहिलेलं असतं. हातातली वस्तू अस्सल आहे का, कोणत्या काळातली आहे, पूर्ण आहे की अर्धीच, या प्रश्नांची बहुतेक उत्तरं या नियमावलीतूनच निघतात. म्हणून पहिला खर्च पुस्तकांवर आणि जुन्या लिलावांच्या छापील याद्यांवर करा.

पायरी १ : शब्द नीट समजून घ्या

ऑर्डर म्हणजे मुळात संघ. अमक्याला ऑर्डर मिळाली असं आपण म्हणतो, पण कागदोपत्री त्याची त्या संघात नेमणूक झालेली असते आणि बिल्ला ही सभासदत्वाची खूण असते. मानचिन्ह किंवा डेकोरेशन हे एखाद्या कृत्यासाठी, बहुधा शौर्यासाठी, दिलं जातं. त्यात सभासदत्व नसतं. १८१३ चा प्रशियाचा लोहक्रॉस किंवा १८५६ चा व्हिक्टोरिया क्रॉस ही त्याची उदाहरणं. पदक त्याहून वेगळं. मोहिमेत हजर असलेल्या हजारो सैनिकांना किंवा राज्यारोहणाच्या निमित्ताने ते वाटलं जातं.

हा फरक खरेदीच्या वेळी कामाला येतो. ब्रिटिश मोहिमांच्या पदकांच्या कडेवर बहुतेक वेळा सैनिकाचं नाव, हुद्दा आणि पलटण कोरलेली असते. ऑर्डरच्या बिल्ल्यावर नाव जवळजवळ कधीच नसतं. म्हणजे पदक स्वतः साक्ष देतं, तर ऑर्डरला सोबतच्या कागदाची साक्ष लागते.

आता श्रेणी. १९व्या शतकापासून बहुतेक ऑर्डर पाच श्रेणींच्या आहेत. सर्वांत वरच्या श्रेणीला, म्हणजे ग्रँड क्रॉसला, खांद्यावरून कमरेपर्यंत तिरपा रुंद पट्टा, त्याच्या टोकाला मोठा बिल्ला आणि छातीवर तारा. या पट्ट्याला सॅश म्हणतात. दुसऱ्या श्रेणीला तारा आणि बहुधा गळ्यात बिल्ला, तिसरीला फक्त गळ्यातला बिल्ला. चौथीला छातीवर लहान बिल्ला आणि अनेक देशांत फितीवर कापडी गुलाबासारखी गोल गाठ, जिला रोझेट म्हणतात. पाचवीला तसाच बिल्ला, पण रोझेट नाही आणि धातूही बहुधा हलका. काही ऑर्डरच्या सर्वोच्च श्रेणीला समारंभात घालायची कंठमाळही असते. स्त्री मानकऱ्यांचे बिल्ले अनेकदा फितीच्या फुलगाठीवर येतात. ती गाठ सोडवून सरळ फीत लावलेली दिसली, तर वस्तूचा अर्धा इतिहास कोणीतरी पुसला आहे असं समजा.

पायरी २ : वस्तू समजेल एवढा इतिहास

सुरुवात धर्मयुद्धांच्या काळातल्या लढवय्या संघांपासून होते. हॉस्पिटलर, टेम्पलर आणि ट्यूटॉनिक या संघांची खूण म्हणजे झग्यावर शिवलेला कापडी क्रॉस. धातूचे मीनाकाम केलेले बिल्ले त्या काळी नव्हते. त्यामुळे कोणी ‘टेम्पलरांचा मूळ बिल्ला’ दाखवला तर पुढे वाचण्याची गरज नाही.

पुढे राजांनी स्वतःचे संघ काढले. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने १३४८ च्या सुमारास गार्टर स्थापन केली. तिच्यात राजा, युवराज आणि २४ सरदार, एवढेच. बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने १४३० साली ब्रूज शहरात गोल्डन फ्लीस सुरू केली. पुढे स्पेनच्या वारसायुद्धानंतर तिच्या स्पॅनिश आणि ऑस्ट्रियन अशा दोन शाखा झाल्या. डेन्मार्कच्या एलिफंट ऑर्डरची नियमावली १६९३ ची. तिचा बिल्ला म्हणजे पांढऱ्या मीन्याचा हत्ती, पाठीवर बुरूज आणि मानेवर माहूत. असे संघ मुद्दाम लहान ठेवलेले होते आणि मानकरी वारल्यावर मानचिन्ह दरबारी परत जायचं. म्हणून बाजारात ते सापडत नाहीत, आणि सापडले तर आधी शंका घ्यायची.

दुसरं वळण गुणवत्तेचं. चौदाव्या लुईने १६९३ मध्ये सेंट लुई ऑर्डर काढली. ती उमराव घराण्यात न जन्मलेल्या लष्करी अधिकाऱ्यालाही मिळू शकत होती. १७५७ मध्ये ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाने आपल्या नावाची लष्करी ऑर्डर त्याच दिशेने नेली. मग १९ मे १८०२ ला नेपोलियनची लेजियों दॉनर आली. एकच संघ, अनेक श्रेणी, आणि शिपायापासून सेनापतीपर्यंत सर्वांना खुला. १९व्या शतकात जगभरच्या राजांनी हा साचा उचलला. इंग्लंडच्या बाथ ऑर्डरचे १८१५ मध्ये तीन वर्ग झाले. बेल्जियमची लिओपोल्ड ऑर्डर १८३२ ची, तुर्कस्तानच्या सुलतानाची मजिदी १८५१ ची, सयामची श्वेत हत्ती १८६१ ची, जपानची उगवता सूर्य १८७५ ची आणि चीनची दुहेरी ड्रॅगन १८८२ ची. इराणची सिंह-सूर्य ऑर्डर तर १८०८ मध्ये आधी परकी पाहुण्यांसाठीच काढली होती. आशियातल्या दरबारांना युरोपच्या राजांशी बरोबरीच्या नात्याने मानचिन्हांची देवाणघेवाण करायची होती, ही त्यामागची मोठी प्रेरणा.

हिंदुस्थानसाठी ब्रिटिशांनी १८६१ मध्ये स्टार ऑफ इंडिया आणि १८७८ मध्ये इंडियन एम्पायर ऑर्डर काढली. पहिलीच्या सुरुवातीच्या मानकऱ्यांत भोपाळच्या सिकंदर बेगम होत्या. १९४७ नंतर दोन्हींत नव्या नेमणुका थांबल्या.

संग्राहकाने यातून एक गोष्ट लक्षात ठेवायची. १८व्या शतकातले छातीवरचे तारे बहुतांशी जरीच्या तारेने आणि टिकल्यांनी भरलेले असत आणि थेट कोटावर शिवले जात. धातूच्या ताऱ्यांची चाल १९व्या शतकात सर्वत्र रुळली. ‘१७५० चा चांदीचा तारा’ अशी नोंद दिसली तर तो नंतरच्या सोनाराने बनवला असण्याची शक्यता मोठी आहे.

पायरी ३ : क्षेत्र अरुंद ठेवा

‘सगळ्या देशांच्या सुंदर ऑर्डर’ हा संग्रहाचा विषय होऊ शकत नाही. त्यात प्रत्येक वस्तूपुढे तुम्ही पुन्हा नवखेच राहता. एक ऑर्डर आणि तिचा एक कालखंड निवडा, किंवा एकाच ऑर्डरच्या खालच्या दोन श्रेणी सर्व राजवटींतून जमवा.

सुरुवातीला लेजियों दॉनरची सर्वांत खालची श्रेणी, बेल्जियमच्या ऑर्डर, ब्रिटिश साम्राज्याच्या ऑर्डरचे एमबीई-ओबीई (पाचव्या आणि चौथ्या श्रेणीचे) बिल्ले आणि जपानच्या उगवता सूर्य व १८८८ च्या पवित्र खजिना या ऑर्डरच्या खालच्या श्रेणी चांगल्या. संख्या भरपूर आहे, अस्सल नमुने हाताळायला मिळतात आणि चूक झाली तरी तोटा सोसण्याजोगा राहतो. झारकालीन रशियन ऑर्डर, चीनची दुहेरी ड्रॅगन आणि प्रशियाची पूर ल मेरिट यांच्याकडे पहिली काही वर्षं फिरकू नका. त्यांची मागणी प्रचंड आहे, आणि म्हणून नकला करणारे हातही सर्वांत तरबेज आहेत.

पायरी ४ : कालमापनाचा तक्ता स्वतः बनवा

ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि नेमकी हीच टाळली जाते. निवडलेल्या ऑर्डरची नियमावली आणि तिच्यातल्या दुरुस्त्या समोर ठेवा. वहीत चार रकाने आखा: वर्ष, रचनेतला बदल, फितीतला बदल, धातूतला बदल. बदल झालेलं प्रत्येक वर्ष म्हणजे वस्तूचं वय सांगणारी खूण.

ब्रिटिश साम्राज्याच्या ऑर्डरचा तक्ता असा होतो. स्थापना ४ जून १९१७. मध्यभागी ब्रिटानियाची, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक मानलेल्या स्त्रीची, आकृती, फीत जांभळी. १९१८ च्या अखेरीस लष्करी विभाग वेगळा झाला आणि त्याच्या फितीत मधोमध लाल रेघ आली. १९३७ मध्ये ब्रिटानियाच्या जागी राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी यांचे चेहरे आले. फीत गुलाबी झाली, काठांना मोतिया राखाडी रंग आला आणि लष्करी फितीत त्याच राखाडीची मधली रेघ. आता ब्रिटानियाचा बिल्ला गुलाबी फितीवर दिसला तर काय समजायचं? मानकऱ्याने पुढे नियमानुसार फीत बदलली असेल, किंवा विक्रेत्याने हाताला लागली ती लावली असेल. उलट राजा-राणीचे चेहरे आणि जांभळी फीत ही जोडी मात्र विक्रेत्याचीच. श्रेणीही इथे डोळ्यांनी कळते. एमबीई साध्या चांदीचा, ओबीई सोन्याच्या मुलाम्याचा, दोन्हींवर मीना नाही. राखाडी मीना गळ्यातल्या सीबीईपासून, म्हणजे तिसऱ्या श्रेणीपासून, सुरू होतो.

लेजियों दॉनरचा तक्ता राजवटींबरोबर चालतो. अगदी पहिल्या बिल्ल्यांना मुकुट नाही, १८०६ पासून आहे. बूर्बों घराण्याचे राजे परतल्यावर मधल्या नेपोलियनच्या चेहऱ्याजागी फ्रान्सचा जुना राजा चौथा हेन्री आला. १८४८ च्या प्रजासत्ताकाने मुकुट काढला, १८५२ नंतरच्या साम्राज्याने परत बसवला. १८७० पासून मुकुटाच्या जागी पानांची माळ आणि मध्यभागी प्रजासत्ताकाचा चेहरा. त्याच्याभोवती १८७० हे वर्ष लिहिलेलं असे, ते १९५१ मध्ये काढलं गेलं. फ्रान्समध्ये मानकरी आपला बिल्ला बहुधा स्वतः विकत घेतो, त्यामुळे एकाच काळातल्या दोन अस्सल बिल्ल्यांत आकार, वजन आणि कारागिरीचा मोठा फरक असू शकतो. फरक दिसला म्हणून लगेच खोटा ठरवू नका.

आणखी काही खुणा. बेल्जियमच्या लिओपोल्ड ऑर्डरवर ब्रीदवाक्य फक्त फ्रेंचमध्ये असेल तर बिल्ला १९५२ च्या आधीच्या नमुन्याचा, फ्रेंच आणि डच दोन्हींत असेल तर नंतरचा. ब्रिटिशांची डीएसओ (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर) १८८६ ची. १८८९ पर्यंत ती सोन्याची होती, पुढे मुलामा दिलेल्या चांदीची झाली, आणि १९३८ पासून खालच्या पट्टीच्या मागे वर्ष कोरलं जाऊ लागलं. पूर ल मेरिट १९१६ च्या अखेरीपर्यंत सोन्याची, युद्धात सोनं दुर्मीळ झाल्यावर मुलाम्याची. इंडियन एम्पायर ऑर्डरच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर गुलाबाच्या पाच पाकळ्यांवर ‘इंडिया’ची पाच इंग्रजी अक्षरं आहेत. १८८० च्या दशकात रचना बदलली तेव्हा ती गेली.

इथे एका सापळ्यापासून सांभाळा. बिल्ल्यावर दिसणारं वर्ष बहुतेक वेळा स्थापनेचं असतं, तो बिल्ला दिल्याचं नव्हे. मजिदीवर १२६८ हे हिजरी साल आहे, म्हणजे १८५१-५२, आणि ते पुढच्या दशकांतल्या बिल्ल्यांवरही तसंच आहे. १८६२ च्या उस्मानी ऑर्डरच्या मागे तर ६९९ असतं. ते उस्मान घराण्याच्या राज्याच्या आरंभाचं हिजरी साल. १८७० आणि १९१४ च्या लोहक्रॉसच्या मागच्या बाजूलाही १८१३ दिसतं. सेंट पॅट्रिक ऑर्डरवर रोमन आकड्यांत १७८३ आहे. ‘बिल्ल्यावर तारीखच आहे की’ या एका वाक्यावर पुष्कळ चुकीच्या खरेद्या झालेल्या आहेत.

पायरी ५ : साधनं आणि तपासणीचा क्रम

साधनं मोजकीच लागतात: दहापट मोठं दाखवणारं भिंग, ०.१ मिलिमीटरपर्यंत मोजणारा व्हर्नियर कॅलिपर, ०.०१ ग्रॅमपर्यंतचा काटा, ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च, छोटं चुंबक, नायट्राइलचे हातमोजे आणि खाली अंथरायला जाड मऊ कापड. सुती हातमोजे नकोत. ताऱ्याच्या टोकांना आणि मीन्याच्या टवक्यांना त्यांचे धागे अडकतात.

आधी मागची बाजू बघा. पुढची बाजू विकण्यासाठी सजवलेली असते, मागची सहसा कोणी सजवत नाही. भिंगाखाली काठ पाहा. ठशाने उठवलेल्या अस्सल कामात बारीक अक्षरांच्या कडा टोकदार आणि पार्श्वभूमी सपाट असते. ओतीव नकलेत अक्षरांच्या कोपऱ्यांत धातूचे गोलसर गोळे, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी भोकं आणि कधी काठावर साच्याच्या जोडाची रेघ असते. ओतलेला धातू थिजताना आकसतो, म्हणून मूळ वस्तूवरून साचा घेतलेली नक्कल साधारण १ ते २ टक्के लहान निघते. ७० मिलिमीटरचा तारा ६९ च्या आसपास भरतो. डोळ्याला हे कळत नाही, कॅलिपरला कळतं.

मग वजन. नोंदवलेल्या नमुन्यांशी तुलना करा, पण त्याच कारागिराच्या आणि त्याच काळातल्या. पाण्यात बुडवून घनता काढण्याची युक्ती साध्या धातूवर चालते: स्टर्लिंग चांदी १०.३ च्या आसपास, १८ कॅरेट सोनं १५ च्या पुढे, पितळ साडेआठच्या जवळ. मीन्याच्या किंवा पोकळ बिल्ल्यावर मात्र ती फसवते. काच हलकी असते आणि आत हवा अडकते. शिवाय मीन्याच्या भेगांत पाणी शिरतं. अशा वस्तूवर ती करूच नका.

चुंबकाचा उपयोग मर्यादित. लोहक्रॉसचा गाभा लोखंडाचा असल्याने तो चिकटतो आणि चांदीची चौकट चिकटत नाही. इतर ऑर्डरचा धातू चिकटला तर मामला संपला, पण मागची स्टीलची पिन चिकटली म्हणून वस्तू टाकून देऊ नका.

कसाचे शिक्के पिन, कडी आणि बिल्ल्याच्या काठावर शोधा. ब्रिटिश चांदीवर चालणारा सिंह आणि वर्षाचं अक्षर असतं. फ्रान्समध्ये १८३८ पासून १८ कॅरेट सोन्यावर गरुडाचं डोकं आणि लहान चांदीच्या वस्तूंवर रानडुकराचं डोकं. रशियन सोन्यावर ५६ हा आकडा, म्हणजे ९६ पैकी ५६ भाग, सुमारे ५८३ चा कस. तिथल्या शिक्क्यातला स्त्रीचा चेहरा १९०८ पर्यंत डावीकडे बघतो, नंतर उजवीकडे. डावीकडे बघणारा चेहरा आणि १९१५ ची सनद एकत्र विकली जात असेल तर कारण विचारा. खरा शिक्का लहान असला तरी भिंगाखाली स्वच्छ दिसतो. मऊ आणि फुगीर दिसला तर तो साच्यातून ओतला गेलेला असतो. पण शिक्का नाही म्हणजे नक्कल, असंही नाही. अनेक सरकारी बिल्ल्यांवर तो मुळात नव्हताच.

पायरी ६ : मीना, जिथे सर्वाधिक पैसा बुडतो

मीना म्हणजे धातूवर साधारण ७५० ते ८५० अंश सेल्सियसला वितळवून चिकटवलेली रंगीत काच. बिल्ला वाकला तर खालचा धातू वाकतो, काच वाकत नाही. म्हणून टवके बहुधा टोकांवर आणि कडीजवळ उडतात. पुन्हा भट्टीत घालून दुरुस्ती करायची तर आधी बिल्ला सुटा करावा लागतो, कारण त्या उष्णतेला जोडांची झाळ वितळते. एवढी खटपट कोणी करत नाही. खड्ड्यात रंगीत रेझिन (कृत्रिम राळ) भरतात आणि घासून चकचकीत करतात.

ते ओळखायचं असं. बिल्ला दिव्याखाली तिरपा धरून हळू फिरवा. काचेवरची चमक सलग सरकते, रेझिनवर ती मंदावते किंवा हलकी लहर दिसते. अंधारात अतिनील टॉर्च टाका आणि क्रॉसच्या चारही भुजा एकमेकींशी ताडून बघा. पुष्कळ रेझिनं दुधाळ किंवा निळसर उजळतात. एकट्या भुजेची चमक पाहून निष्कर्ष काढू नका, कारण काही जुन्या काचाही उजळतात. तीन एकसारख्या आणि चौथी वेगळी, हा खरा पुरावा. पांढऱ्या मीन्यातलं रेझिन कालांतराने पिवळं पडतं, ते दिवसाच्या उजेडातही कळतं. गरम सुई टोचून बघण्याचा जुना सल्ला पाळू नका. सुई चुकली तर तुम्हीच नवा टवका काढाल.

दुरुस्ती म्हणजे खोटेपणा नव्हे. सांगून विकलेली, किंमत त्यानुसार असलेली वस्तू घ्यायला हरकत नाही. न सांगितलेली दुरुस्ती हाच वादाचा मुद्दा.

मागच्या बाजूला शिशासारखी करडी झाळ दिसली तर तीही नंतरची समजा. मूळ कामात चांदीची झाळ वापरतात, ती धातूशी एकजीव दिसते. ताऱ्याचा मधला भाग रिव्हेट किंवा बारीक नटांनी बसवलेला असतो. नटांवर ताज्या ओरखड्यांची चमक असेल तर तो उघडला गेला आहे, कदाचित मधला भाग बदलायला.

पायरी ७ : फीत, डबी आणि जुळवाजुळव

फितीवर अतिनील प्रकाश टाका. १९४० च्या दशकापासून धाग्यांत आणि धुण्याच्या पावडरींत चमक आणणारी रसायनं आली. ती निळसर-पांढरी झळकतात. जुनं रेशीम तसं झळकत नाही. झळकणारी फीत म्हणजे फीत नंतरची, किंवा धुतलेली. त्यावरून बिल्ला खोटा ठरत नाही. जुनी फीत फाटकी असली तरी फेकू नका, बिल्ल्यासोबत वेगळ्या पाकिटात ठेवा. ऑस्ट्रियन बिल्ल्यांची त्रिकोणी घडीची फीत मात्र कोणी सरळ करून लावली असेल तर ती पुन्हा तशीच घडी घालून घेता येते.

डबीच्या आतल्या खाचेत बिल्ला अलगद बसायला हवा. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या वस्तूचा ठसा मखमलीवर उमटतो, पिनेची खूणसुद्धा. खाच मोठी, ठसा वेगळ्या आकाराचा, तर डबी दुसऱ्याच कशाची. जपानी लाखेच्या डब्यांवर ऑर्डरचं नाव आणि श्रेणी लिहिलेली असते. ती वाचता येईल एवढी अक्षरं शिकून घ्या, एका दुपारचं काम आहे.

तारा एका कारागिराचा आणि बिल्ला दुसऱ्याचा, असे ‘संच’ बाजारात खूप असतात. काही खरेच असतात: मानकऱ्याने हरवलेला तारा दुसरीकडून घेतला असेल. पण संचाची किंमत मागितली जात असेल तर दोन्हींवरचे शिक्के, सोन्याची छटा आणि झीज जुळली पाहिजे. एक घासून गुळगुळीत आणि दुसरा कोराकरकरीत, हे पटण्याजोगं नाही. जडावाच्या मानचिन्हांत खडे काढून काच बसवलेली असू शकते. ते काम रत्नपारख्याकडूनच तपासून घ्या.

पायरी ८ : कागद आणि माणूस

सनद असेल तर नाव, तारीख, श्रेणी आणि क्रमांक आधी उतरवून घ्या. मग ती श्रेणी आणि हातातला बिल्ला जुळतो का बघा. तुर्की सनदेला बेरात म्हणतात, तिच्या माथ्यावर सुलतानाचा तुघ्रा, म्हणजे नक्षीदार अक्षरांतली नाममुद्रा, असतो आणि त्यावरून सुलतान ओळखता येतो.

ब्रिटिश नेमणुका लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात छापल्या जात. त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत शोधता येतात. लेजियों दॉनरच्या १९७७ पूर्वी वारलेल्या मानकऱ्यांची कागदपत्रं फ्रान्सच्या लेओनोर या सरकारी डेटाबेसमध्ये आहेत. १८९६ च्या रॉयल व्हिक्टोरियन ऑर्डरच्या बिल्ल्यांच्या मागे क्रमांक असतो, त्याची नोंद अवश्य घ्या. नाव सापडलं तरी एक काम उरतं: हा बिल्ला त्याच माणसाचा होता हे दाखवणारी साखळी. घराण्यातून विक्री, जुनी पावती, गळ्यात तोच बिल्ला असलेला फोटो. ‘अमक्या सेनापतीचा असावा’ या शब्दांसाठी एक पैसाही जास्त देऊ नका.

पायरी ९ : खरेदी

पहिल्या सहा महिन्यांत फक्त बघा. लिलावापूर्वीच्या प्रदर्शनात वस्तू हातात घेऊ देतात, त्याचा पुरेपूर फायदा घ्या. जमेल तेव्हा संग्रहालयांत जा. पॅरिसमध्ये लेजियों दॉनरचं स्वतंत्र संग्रहालय आहे आणि त्यात इतर देशांच्या ऑर्डरही आहेत. ब्रिटनमधली ऑर्डर्स अँड मेडल्स रिसर्च सोसायटी १९४२ पासून काम करते. अशा संस्थेचं सभासदत्व घेतलं की शंका विचारायला जाणकार माणसं मिळतात.

लिलावात हातोडीच्या किमतीवर खरेदीदाराचं अधिमूल्य लागतं, बहुधा २० ते ३० टक्के. वर कर, टपाल, विमा. बोलीची मर्यादा हे सगळं धरून आधीच कागदावर लिहा. विक्रेत्याकडून लेखी घ्या: ऑर्डर, श्रेणी, काळ, धातू, दुरुस्ती आणि खोटी निघाल्यास परत घेण्याची मुदत. ‘जुन्या नमुन्याप्रमाणे’ किंवा ‘त्या शैलीतील’ असे शब्द वर्णनात असतील तर विक्रेत्याने आपली सुटका करून घेतलेली आहे.

मालकीचा प्रश्न टाळू नका. डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वेच्या राजघराण्यांच्या ऑर्डर परत करायच्या असतात, गार्टर आणि गोल्डन फ्लीसही. ब्रिटिश ऑर्डरच्या कंठमाळाही मानकऱ्याच्या मृत्यूनंतर परत जातात. अशी वस्तू समोर आली तर ती मोकळी कशी झाली याचा कागद मागा. चोरीची जोखीमही खरी आहे. सेंट पॅट्रिक ऑर्डरची रत्नजडित मानचिन्हं डब्लिन किल्ल्यातून गेल्याचं जुलै १९०७ मध्ये उघड झालं आणि ती आजवर सापडलेली नाहीत. परदेशातून मागवताना दोन्हीकडचे पुरावस्तू आणि सीमाशुल्काचे नियम आधी तपासा, पैसे भरल्यावर नव्हे.

पायरी १० : जपणूक आणि नोंद

स्वच्छतेचा मोह आवरा. चांदी चकचकीत करणारं द्रावण ताऱ्याच्या थरांमागे आणि मीन्याच्या भेगांत शिरतं, तिथेच राहतं आणि मुलामा खातं. अल्ट्रासॉनिक यंत्राने सैल मीना सुटून पडतो. टूथपेस्ट आणि खाण्याचा सोडा धातू खरवडतात. मऊ ब्रशने धूळ झाडणं पुरेसं. फारच मळ असेल तर शुद्ध पाण्यात किंचित ओलावलेला कापसाचा बोळा, आणि तोही अखंड धातूवरच.

पीव्हीसीची पाकिटं वापरू नका. त्यातून निघणारी रसायनं तांब्याच्या मिश्रधातूवर हिरवट चिकट थर आणतात. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन चालतं. रबरबँड, लोकरीचं फेल्ट आणि ओकचं लाकूड लांब ठेवा. पहिल्या दोन्हींतल्या गंधकाने चांदी काळवंडते, ओकमधून आम्ल सुटतं. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान आणि स्थिर हवी. रेशमी फीत उजेडात ठेवायची असेल तर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त नको, आणि कायमची तर नकोच. जड बिल्ला फितीवर लटकत ठेवला की रेशमाची वीण कडीपाशी तुटते, म्हणून आडवा ठेवा.

प्रत्येक वस्तूला एक कार्ड करा. त्यावर ऑर्डर, श्रेणी, नमुन्याचा काळ आणि तो कशावरून ठरवला, रुंदी-उंची, वजन, शिक्के, मीन्याची अवस्था भुजेगणिक, फीत मूळ की बदललेली, कुठून आणि कधी घेतली, किती दिले, असं सगळं लिहा. पुढून, मागून आणि काठाचे फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवून. अतिनील प्रकाशातला एक फोटोही काढून ठेवा. पाच वर्षांनी मीन्यात बदल झाला का, हे त्यावरून कळेल. सनद आणि बिल्ला वेगवेगळ्या जागी ठेवावे लागले तर दोन्हींवर एकच क्रमांक टाका आणि कार्डाची एक प्रत घरातल्या अशा माणसाकडे द्या, जो तुमच्यानंतर हे दोन्ही वेगळे होऊ देणार नाही.